माजी विद्यार्थ्यांचा सल्ला कुणाला हवा आहे?

तीन वर्षांपूर्वी एका पत्राने मला फार आनंद झाला होता. ज्या महाविद्यालयात मी शिकलो, तेथील प्राचार्यांनी ते पाठवले होते. महाविद्यालयाने नामवंत माजी विद्यार्थ्यांचे सल्लागार मंडळ स्थापन केले असून त्यावर आपली निवड झाली आहे, पहिल्या बैठकीस अवश्य यावे, असा मजकूर होता. घरी मी ते पत्र दोनदा वाचून दाखवले. माझ्या प्रवेशाच्या वेळी अब्बांनी फीचे पैसे कसे उभे केले होते ते मी पाहिले होते, त्यामुळे त्या पत्राचे अप्रूप मला जरा जास्तच वाटले हे कबूल करतो.

बैठक छान झाली. एक उद्योजक होते, एक निवृत्त सनदी अधिकारी होते, एक सर्जन होते आणि अमेरिकेतून एक जण पडद्यावर हजर होते. प्रत्येकाने दहा-दहा मिनिटे मनोगत व्यक्त केले. कौशल्य विकास, उद्योगांशी नाते, स्पर्धा परीक्षा केंद्र, मुख्य प्रवेशद्वाराचे सुशोभीकरण असे विषय आले. मीही मूल्यशिक्षण आणि संविधान यावर बोललो. टाळ्या मिळाल्या. शाल, श्रीफळ, फोटो, आणि नंतर उत्तम जेवण.

जिना उतरून खाली आलो तर कार्यालयाच्या खिडकीपाशी माझ्याच वर्गातला एक जुना मित्र भेटला. तो त्याच महाविद्यालयात क्लार्क आहे आणि निवृत्तीला आला आहे. माजी विद्यार्थी तोही आहे, पण त्याला वरच्या मजल्यावर कुणी बोलावले नव्हते. तो म्हणाला, "वर तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही. पण आपल्या भागातल्या ज्या पोरी पहिल्या वर्षाला नाव घालतात, त्यातल्या किती तिसऱ्या वर्षाच्या हजेरीपटावर राहतात, ते एकदा कुणीतरी बघा. दाखले काढून नेताना त्या माझ्याच खिडकीवर येतात."

पुढच्या बैठकीत मी हजेरीपट मागितला. धर्मनिहाय नको, जातनिहाय नको, फक्त मुलींचा. पहिल्या वर्षाला किती होत्या, तिसऱ्या वर्षाला किती उरल्या, एवढेच. विषय चांगला आहे, पाहू, असे उत्तर मिळाले. इतिवृत्त आले तेव्हा त्यात माझा प्रश्न नव्हता. प्रवेशद्वाराचा ठराव मात्र सविस्तर होता. तिसऱ्या बैठकीचे निमंत्रण मला आले नाही. त्यानंतर छापलेल्या माहितीपत्रकात सल्लागारांच्या यादीत माझे नावही नव्हते.

ही तक्रार म्हणून लिहीत नाही, कारण चूक माझीही होती. मला तिथे ज्यांनी बसवले होते त्यांच्या मर्जीवर मी बसलो होतो. मर्जीने मिळालेली खुर्ची मर्जी संपली की जाते, आणि हे कळायला मला साठी गाठावी लागली. पण त्या निमित्ताने एक प्रश्न मनात राहिला. यशस्वी माजी विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाला, महाविद्यालयाला सल्ला द्यावा ही कल्पना मुळात चांगली आहे. मग ती शाल आणि फोटोपाशी का अडकते? आणि आपल्या समाजातले पदवीधर या सगळ्यात कुठे आहेत?

एक कारण तर उघड आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान आहे. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातही माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असावा लागतो. हेतू योग्यच आहे, पण कागद भरायचा असला की फोटो पुरतो. मूल्यांकनाचे वर्ष जवळ आले की मेळावे वाढतात, हे शिक्षण क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

पूर्वीही हे असेच होते काय? याचे उत्तर शोधताना मला सर्वांत आधी आठवतात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी १८६२ साली ज्या पहिल्या मोजक्या विद्यार्थ्यांना मिळाली, त्यांत ते होते. विद्यार्थिदशेत त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची ब्रिटिश राज्याशी तुलना केली. ती प्राचार्यांना रुचली नाही आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. म्हणजे संस्थेची मर्जी जाणे काय असते हे त्यांना कोवळ्या वयातच कळले होते. पुढे १८६५ साली ते त्याच विद्यापीठाचे फेलो झाले आणि मरेपर्यंत तिथे एक विषय लावून धरत राहिले. तो विषय होता मातृभाषांचा. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून मराठी, गुजराती, कानडी या भाषा बाहेर पडल्या होत्या. त्या परत आणा, हा त्यांचा आग्रह होता. सिनेटमधल्या अनेकांना या भाषांत शिकवण्याजोगे वाङ्मयच नाही असे वाटत होते. रानड्यांनी मराठीत किती आणि कोणते ग्रंथ झाले याची मोजदाद करून दाखवली. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले आणि त्यानंतर लगेच विद्यापीठाने या भाषांना एम.ए.च्या परीक्षेत जागा दिली. आज मराठीत एम.ए. करणाऱ्या आपल्या मुली-मुलांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

रानड्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. त्यांच्या काळी अनेक पदवीधर तरुण वयातच मरण पावत होते. रानड्यांनी त्या मृत्यूंची आकडेवारी जमवली आणि परीक्षांच्या ओझ्याचा त्याच्याशी काय संबंध आहे, हा प्रश्न जाहीरपणे विचारला. ज्या विद्यापीठाने आपल्याला मोठे केले, त्याच्या परीक्षापद्धतीकडे असे बोट दाखवणे सोपे नसते. माझ्या क्लार्क मित्राने हजेरीपट बघा म्हटले ते याच जातीचे बोलणे होते. सल्ला म्हणजे मनोगत नव्हे. आपल्या संस्थेत आलेल्या पोरांचे पुढे काय झाले ते मोजणे, आणि आकडा गैरसोयीचा निघाला तरी तो टेबलावर ठेवणे, इथे सल्ल्याची सुरुवात होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच मुंबई विद्यापीठाचे बी.ए. कोलंबिया आणि लंडनहून ते परतले तेव्हा विद्यापीठ सुधारणेसाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमलेली होती. तिच्या प्रश्नावलीला १९२४ साली त्यांनी सविस्तर लेखी उत्तरे दिली. विद्यापीठाने केवळ परीक्षा घेणारे कार्यालय राहू नये, त्याने स्वतः शिकवावे, ही त्यांची भूमिका होती. तीन वर्षांनी विद्यापीठ कायद्याचे विधेयक मुंबई कायदे मंडळात आले, तेव्हा मागासलेल्या वर्गांना सिनेटमध्ये प्रतिनिधित्व हवे म्हणून ते तिथे उभे राहिले. सल्ला देणारे कोण आहेत यावर सल्ला काय मिळणार हे ठरते, हा मुद्दा त्यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे.

आता आपल्या समाजाकडे येऊ. माजी विद्यार्थी आणि त्यांची संस्था यांचे नाते म्हटले की आपल्याकडे अलीगढचे नाव निघते. महाराष्ट्रातल्या मोहल्ल्यांतही अलीगढला शिकून आलेला माणूस आयुष्यभर ते सांगत असतो. सर सय्यद यांनी १८७५ साली सुरू केलेल्या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आपली संघटना बांधली, आणि १९२० साली विद्यापीठाचा कायदा झाल्यावर विद्यापीठाच्या 'कोर्टा'त माजी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींना जागा राहिली. इतका जुना आणि कायद्याने मान्य केलेला सहभाग देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल. या माजी विद्यार्थ्यांचे नाव मात्र होते 'ओल्ड बॉईज'. त्या नावात मुली नव्हत्या, कारण त्या काळी संस्थेतही नव्हत्या.

त्यांना तिथे आणणारा माणूस याच ओल्ड बॉईजपैकी एक होता. शेख अब्दुल्ला हे काश्मीरकडून अलीगढला शिकायला आले आणि वकील होऊन तिथेच राहिले. (नावसाधर्म्यामुळे घोटाळा होऊ नये, हे शेर-ए-काश्मीर नव्हेत.) लोक त्यांना पापा मियाँ म्हणत. मुलांचे शिक्षण आधी, मुलींचे नंतर पाहू, असा अलीगढच्या धुरिणांचा एकूण कल होता आणि खुद्द सर सय्यद यांचाही होता. पापा मियाँ सर सय्यद यांना मानणारे होते, पण या बाबतीत ते थांबले नाहीत. १९०४ मध्ये त्यांनी 'खातून' नावाचे मासिक काढले, शिक्षण परिषदेत मुलींच्या शाळेचा विषय लावून धरला आणि १९०६ साली पत्नी वाहिद जहाँ बेगम यांच्यासह अलीगढमध्ये शाळा सुरू केली. मुलांच्या कॉलेजच्या गावात मुलींची शाळा नको, असे म्हणणाऱ्यांत त्यांचे स्वतःचे सहाध्यायी होते. मुली पडदा लावलेल्या डोलीतून येत. वसतिगृह बांधले तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न होताच. वाहिद जहाँ बेगम यांनी स्वतःच्या घरच्या मुलींना त्या वसतिगृहात ठेवले, म्हणून इतरांचा धीर चेपला. त्याच घरातल्या रशीद जहाँ पुढे डॉक्टर आणि उर्दूतल्या निर्भीड लेखिका झाल्या. शाळेचे कॉलेज झाले आणि ते विद्यापीठाचा भाग बनले. इस्मत चुगताई या शाळेत शिकल्या.

अलीगढच्या या इतिहासात एक गोष्ट मला नेहमी खटकते. १९२० साली विद्यापीठ झाले तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती एक स्त्री होत्या, भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. पहिल्या महिला कुलगुरू मात्र एप्रिल २०२४ मध्ये आल्या. प्रा. नइमा खातून याही अलीगढच्याच माजी विद्यार्थिनी आणि त्याच महिला महाविद्यालयाच्या तेव्हाच्या प्राचार्य. मधली शंभर वर्षे ओल्ड बॉईज सल्ला देत होते. त्यांनी काय सल्ला दिला असेल?

अलीगढची दुसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांचा सल्ला धुडकावला गेल्याची आहे. ऑक्टोबर १९२० मध्ये महात्मा गांधींबरोबर मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली अलीगढला आले. अली बंधू इथलेच माजी विद्यार्थी, आणि साधेसुधे नव्हे. मुस्लिम विद्यापीठासाठी निधी जमवताना शौकत अली देशभर फिरले होते. त्यांनी विश्वस्तांना सांगितले की सरकारी अनुदान सोडा. विश्वस्तांनी नकार दिला. तेव्हा विद्यार्थ्यांचा आणि शिक्षकांचा एक गट बाहेर पडला आणि २९ ऑक्टोबर १९२० रोजी कॉलेजच्या मशिदीत मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. बाहेर पडणाऱ्यांत एम.ए.चा विद्यार्थी असलेला आणि थोडेफार शिकवणारा एक तरुण होता, झाकिर हुसेन.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे असे आपण गृहीत धरतो, पण राष्ट्रपती झाकिर हुसेन माहीत असलेल्या अनेकांना जामियातले झाकिर हुसेन माहीत नसतात. खिलाफत चळवळ ओसरली, पैसा आटला, १९२५ मध्ये जामिया अलीगढहून दिल्लीला हलली आणि बंद पडायच्या बेतात आली. झाकिर हुसेन तेव्हा बर्लिनला होते. तिथून ते, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब १९२६ साली परत आले आणि त्यांनी ती ओढायला घेतली. हकीम अजमल खान यांच्या निधनानंतर हालत आणखी बिकट झाली. तेव्हा शिक्षकांनी प्रतिज्ञा केली की वीस वर्षे आम्ही इथेच काम करू आणि महिना दीडशे रुपयांहून जास्त वेतन घेणार नाही. परदेशी पदवी घेऊन आलेला माणूस तेव्हा कितीतरी पट कमावू शकत होता. आज आपण ज्याला 'संस्थेचे ऋण फेडणे' म्हणतो आणि एक खोली बांधून तिला आईवडिलांचे नाव देतो, त्याच्या शेजारी हे दीडशे रुपये ठेवून पाहावेत. खोली बांधणे वाईट नाही, मीही एका खोलीला थोडे पैसे दिले आहेत.

आणि मग १९४८. फाळणीनंतर अलीगढवर संशयाचे सावट होते. प्राध्यापक, विद्यार्थी निघून गेले होते, उरलेले भेदरलेले होते. ज्या संस्थेतून झाकिर हुसेन २८ वर्षांपूर्वी भांडून बाहेर पडले होते, तिचे कुलगुरूपद घेऊन ते परत आले आणि १९५६ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. भांडण विसरून आले असे मी म्हणणार नाही. भांडण झाले होते म्हणूनच ते त्या कामाचे माणूस होते. अनुदान सोडायला नकार देणाऱ्यांचे आणि ते नाकारून बाहेर पडलेल्यांचे, दोघांचेही म्हणणे त्यांना आतून माहीत होते. संस्थेशी न भांडलेला माजी विद्यार्थी तिला काय सल्ला देणार, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. माझ्या पहिल्या बैठकीत आम्ही सगळे न भांडलेले होतो.

अलीगढ आणि जामिया आपल्याला अभिमानाने सांगायला आवडतात. पण महाराष्ट्रातला मुस्लिम विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतो तो मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, जळगाव, अमरावती, नागपूर, सोलापूर या सार्वजनिक विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत. त्या विद्यापीठांना सल्ला देण्याचा हक्क आपल्याला कायद्याने आहे, आणि तो आपण वापरत नाही. माझे म्हणणे इथे आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. पाच जागा खुल्या आहेत. उरलेल्या पाचांपैकी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागास वर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. मुदत पाच वर्षांची. बागवान, मोमीन, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा अनेक मुस्लिम जमाती महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत, म्हणजे त्या जागेवरही आपला पदवीधर उभा राहू शकतो, आणि महिलेच्या जागेवर आपली मुलगी. सिनेटसमोर विद्यापीठाचे अंदाजपत्रक येते, वार्षिक अहवाल येतो, सदस्य प्रश्न विचारू शकतात आणि त्यांना उत्तर द्यावे लागते. माझा हजेरीपटाचा प्रश्न इतिवृत्तातून गळला. सिनेटमध्ये रीतसर विचारलेला प्रश्न इतक्या सहज गळत नाही.

पण मतदार व्हायला आपले नाव नोंदवावे लागते. पदवी मिळाली म्हणून ते आपोआप होत नाही. मुंबई विद्यापीठाचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथली पदवीधर निवडणूक ऐनवेळी स्थगित झाली. बराच वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर २४ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान झाले. दहाच्या दहा जागा ठाकरे गटाच्या युवासेनेने जिंकल्या. कोण जिंकले यावर मला इथे काही म्हणायचे नाही. ज्यांनी गल्लोगल्ली फिरून नोंदणी केली ते जिंकले, आणि तो त्यांचा हक्क आहे. मला धक्का बसला तो मतदारयादीचा आकडा वाचून. ज्या विद्यापीठाने लाखो पदवीधर घडवले, त्याची यादी जेमतेम १३ हजारांच्या घरात होती. त्यात भेंडी बाजार, मुंब्रा, भिवंडी, कुर्ला, गोवंडी इथली नावे किती असतील याचा अंदाज मी बांधत नाही. आपापल्या घरात बघितले तरी पुरे. या पत्रिकेच्या संपादक मंडळात आम्ही सगळे पदवीधर आहोत. मी विचारले तेव्हा नोंदणी केलेला एकही निघाला नाही. त्यात मीही आलो.

एक दार आणखी जवळ आहे. याच कायद्याने प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी लागते आणि तिच्या स्थानिक सदस्यांपैकी किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. ही नेमणूक व्यवस्थापन करते, म्हणजे पुन्हा मर्जीचा प्रश्न आलाच. तरीही कुणाला नेमले, बैठका झाल्या का, काय ठरले, हे विचारता येते. आपल्या समाजाने चालवलेल्या महाविद्यालयांनाही हे विचारायला हवे. किंबहुना तिथे आधी. त्या संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आणि सल्लागार मंडळांवर माजी विद्यार्थिनी किती आहेत? बाहेरच्यांकडे प्रतिनिधित्व मागताना आपण घरात काय करतो, हा प्रश्न आपल्याला सहसा आवडत नाही.

हे सगळे आत्ताच का, असे कुणी विचारील. सच्चर समितीने २००६ साली सांगितले होते की वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवीधरांचे प्रमाण चार टक्क्यांच्याही आत आहे. त्यानंतर परिस्थिती सुधारत गेली. पण केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीत २०१९-२० साली जे मुस्लिम विद्यार्थी २१ लाख होते, ते २०२०-२१ मध्ये १९.२१ लाखांवर आले. एकूण प्रवेशांत आपला वाटा ४.६ टक्के राहिला. ते वर्ष कोविडचे होते हे खरे, पण त्याच वर्षी एकूण प्रवेश वाढले होते. डिसेंबर २०२२ मध्ये संशोधक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती बंद झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. दुसऱ्या बाजूला, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले. आपल्यातल्या कितीतरी मुली यात बसतात. पण त्यासाठी जातीचे किंवा ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे सगळे प्रवेशाच्या आत हातात लागते. तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारताना तारीख निघून जाते आणि मुलगी बी.ए.ला नाव घालते किंवा घरी बसते.

नामवंत माजी विद्यार्थ्यांनी यावर बोलावे. निवृत्त सनदी अधिकारी असतील तर प्रवेशाच्या आधीच्या तीन महिन्यांत महाविद्यालयातच दाखल्यांचे शिबिर लावायला त्यांच्याइतका योग्य माणूस नाही. सर्जन असतील तर मुलींच्या वसतिगृहात महिन्यातून एकदा डॉक्टर जाते का हे त्यांनी पाहावे. परीक्षा केंद्र दुसऱ्या गावी आणि पेपर सुटतो संध्याकाळी, म्हणून परीक्षा न देणाऱ्या मुली माझ्या पाहण्यात आहेत. केंद्र आणि वेळ ठरवणारी माणसे विद्यापीठातच बसतात. अमेरिकेतल्या मित्राने पडद्यावरून हे विचारले तरी चालेल, फक्त त्याला ते कुणीतरी आधी सांगायला हवे. आणि सांगणारा तो खिडकीवरचा क्लार्क आहे. मला मंडळ बनवायचे असते तर मी पहिले नाव त्याचे घातले असते.

आमच्या संपादक मंडळाने ठरवले आहे की पुढील नोंदणी सुरू होईल तेव्हा आपापल्या विद्यापीठाच्या पदवीधर यादीत प्रत्येकाने स्वतःचे आणि आणखी दहा जणांचे नाव घालायचे, त्यांत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात. कागदपत्रे आत्ताच काढून ठेवायला म्हणून मी गेल्या आठवड्यात बहिणीच्या घरी गेलो. माझी भाची पंधरा वर्षांपूर्वी बी.कॉम. झाली. आता ती दोन मुलांची आई आहे आणि घरूनच लोकांचे हिशेब लिहून देते. पदवीचे प्रमाणपत्र कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या अल्बमखाली सापडले. ते तिने अजून कधी कुठे वापरलेच नव्हते. तिने ते उजेडात धरून पाहिले आणि मला विचारले, "मामू, यावर माझं माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. मग यादीत मी कोण?" मी म्हणालो, नावबदलाचे राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला लागेल बहुतेक. ती म्हणाली, निकाहनामा उर्दूत आहे, चालेल का ते विचारून ठेवा. मी विद्यापीठात फोन लावला आहे. त्यांनी सोमवारी यायला सांगितले आहे, ती सोबत येते आहे.